पाचव्या दिवशी पाणी

घरकुलातल्या आमच्या गल्लीत
दोन पांढरे शर्ट राहायला आले
तेव्हा मालकिणीनं आधी पाण्याचं विचारलं.
पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला. चालेल?

एक राजमुंद्रीचा,
तेलुगू माझ्या माहेरचीच, जरा आंबट.
दुसरा दांडगा, दारातून वाकून यायचा.
टोंगाचा.
कुठंय की हे टोंगा, मी विचारलं
तर रिकाम्या सुपात तंबाखूचा एक कण राहिला होता,
त्यावर बोट ठेवलं त्यानं.
हे टोंगा. बाकी सगळं सूप पाणी.

छातीवर काळी पट्टी : एल्डर तुइफुआ.
एल्डर म्हणजे वडीलधारा, असं कळलं.
वय एकोणीस,
माझ्या व्यंकटेशहून दोन महिन्यांनी धाकटा.
वडीलधाऱ्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या.

पहिल्या दिवशी चहा केला, तर हात जोडले.
चहा नाही, कॉफी नाही, आणि
आणि काय ते बोलला नाही,
माझ्या बोटांकडं बघितलं फक्त.
मी म्हटलं, बाबा, ह्या विड्यांवर दोन पोरं शिकलीत.
तो शब्द जुळवत राहिला बराच वेळ.
माझी आजी… चटई विणते… केवड्याचं पान…
हात असेच.

साडेसहाला गुडघ्यावर.
मग पुस्तक, मग सायकल,
एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत, गळ्यात टाय.
नीलम नगर, साखर पेठ, कुत्री, उंबरे.
रात्री विचारायची, किती दारं उघडली?
तीन. त्यातली दोन सेल्समन समजून.
म्हणजे आमच्या कारखान्यासारखंच की रे,
आमची हजारात पन्नास छाट,
तुझी नऊशे सत्त्याण्णव.
तो हसला. मग वहीत लिहून घेतलं,
काय लिहिलं देव जाणे, त्याचा.

सोमवारी आईचा फोन यायचा.
एका सोमवारी आजी गेल्याचा आला.
जाणार ना, मी म्हटलं.
दोन वर्षं देवाला दिलीत, तो म्हणाला
आणि दहाला सायकल काढली.
मी त्याच्या देवावर चिडले
मार्कंडेयावर चिडते तशी, घरच्यासारखी.

मग मागावरचा नारायण येमूल तयार झाला.
त्याला बुडवायचं होतं.
शिंपडून चालत नाही म्हणे,
केस, कोपर, सगळं पाण्याखाली.
मागच्या खोलीत निळी टाकी आणली.
गल्ली हसली. प्यायला नाही आणि ह्यांना माणूस बुडवायचाय.
चौकातले दोघं नाव-गाव विचारून गेले.
मालकीण दोन रात्री झोपली नाही.

पाण्याच्या पहाटे
त्यानं आधी हमीदाबीचं पिंप भरलं,
मग माझं, मग कोपऱ्यावरच्या म्हातारीचं,
दोन दोन घागरी उचलून, टाय न लावता.
स्वतःची टाकी शेवटी.
गुडघ्याएवढी झाली आणि नळ गेला.

तो नुसता उभा.
कुणाला काही म्हणाला नाही.
मला त्याचं काही पटत नाही, आजही नाही,
पण मी एक घागर नेऊन ओतली.
हमीदाबीनं बघितलं आणि बादली उचलली.
मग कुणी मोजलं नाही.

संध्याकाळी नारायण बुडाला.
कोपर वर राहिलं. पुन्हा बुडवला.
बाहेर आला तेव्हा थरथरत होता, एप्रिलात.

एवढ्या पाण्याचं आता काय करायचं,
तुइफुआनं विचारलं, अपराध्यासारखं.
आम्ही बायकांनी एकमेकींकडं बघितलं
आणि धुणं आणलं.
पाप उतरलेलं पाणी ते,
पण व्यंकटेशचा युनिफॉर्म स्वच्छ निघाला.
माझ्या बोटांचा पिवळा डाग निघाला नाही.
उरलेलं कडुलिंबाला.

जूनमध्ये त्याला बंगळूरला धाडलं.
सायकल नारायणला, बादली मला.
जाताना वाकला, नेहमीसारखा,
चौकट डोक्याला लागू नये म्हणून
की माझ्या पाया पडला, कळलं नाही.

दोन वर्षं नोव्हेंबरात संपली असतील.
फोन नाही.
पाणी आता सहाव्या दिवशी येतं.