गाठी

इझमीरमध्ये शिळा पाव कुणी फेकत नाही.
पिशवीत घालायचा, गाठ मारायची,
कुंपणाच्या टोकाला नाहीतर तुतीच्या खिळ्याला अडकवायचा.
हवा तो नेतो.
कोण नेतं, ते थांबून बघायचं नाही.

मी सत्तावीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसले.
काचेखालच्या अर्धगोल भोकातून
माणसांचे फक्त हात यायचे.
चेहरे मला आठवत नाहीत. हात आठवतात:
मासळीचे, शाईचे,
सुटे पैसे दोनदा मोजत रेंगाळणारे, एकट्या माणसांचे.

निवृत्त झाले आणि गुडघा बिघडला.
डॉक्टर म्हणाले, चढ चढा, रोज.
चढावर दम खायला थांबायचं तर निमित्त हवं,
म्हणून भाच्याचा जुना कॅमेरा घेतला
आणि पिशव्यांचे फोटो काढू लागले.
पिशव्यांचे म्हणजे, खरं तर गाठींचे.

गाठीत हात दिसतो.
एक निरगाठ, घाईची, दातांनी आवळलेली.
एक सुरगाठ, म्हाताऱ्या बोटांना सुटावी इतकी सैल.
आणि एक, पायऱ्यांवरच्या निळ्या फाटकाला, दर शुक्रवारी:
फास उलटा फिरवून शेपूट आत खोचलेली.

एकेचाळीस झाले तेव्हा बुन्यामिनकडे छापायला दिले.
त्यानं न विचारता दुकानाच्या काचेला आतून चिकटवले.
"वाळू देत," म्हणाला.
शाई केव्हाच वाळली होती.

लोक थांबू लागले.
"ही माझी," दातांवाली म्हणाली, आणि लाजली,
जणू तिची आतली कापडंच मी काचेत मांडली होती.
भंगाराची हातगाडी टेकवून हैदर म्हणाला,
"ती सैलवाली कोण? तिला सांगा, शेळ्या खुशाल आहेत.
एकीला परवा जुळं झालं."
निरोप मी पोचवला.
"शेळ्या?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माणसं खातात."
जरा वेळानं, "बरं. शेळ्या तर शेळ्या."
पुढच्या पिशवीत गाजराचा पालाही होता.

गुलिझार मात्र एकाच फोटोसमोर उभी राहिली.
"माझा बाप अशी बांधायचा. काळ्या समुद्रावर, रिझेला.
जाळ्याचं तोंड.
मी सोळाची होते. त्यानंतर ही गाठ पाहिली नाही."
निळं फाटक सादेत्तिनकाकांचं.
तिच्या दारापासून बावीस पायऱ्या.
अकरा वर्षांत गाठ पडली नव्हती.

दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा
छाती माझी धडधडत होती.
मनातल्या मनात मी काका आणि तिचा बाप
एकाच बोटीत बसवून मोकळी झाले होते.

निघालं काहीच नाही.
काका ना रिझेचे, ना कोळी.
गाठ सैन्यात शिकलेले, तंबूच्या दोरीवर,
कुणा हवालदाराकडून. नाव आठवत नाही म्हणाले.
चहा निवला. मी पेले उचलायला लागले.
मग तिनं विचारलं,
"शेपूट आत कुठून घ्यायची?"
काकांनी वाकून बुटाची नाडी काढली.

बुन्यामिन बेचाळिसावा फोटो मागतोय.

मला एकटीला पाव अर्धाच लागतो.
उरलेला आजवर सूपमध्ये भिजवून
मीच खपवत आले.
परवा पहिल्यांदा पिशवीत घातला, गाठ मारली,
रबर संपलं की तिकिटांच्या गठ्ठ्याला मारायची तशी,
आणि आमच्याच गल्लीतल्या खिळ्याला अडकवली.

सकाळी पिशवी खिळ्यावरच होती. रिकामी.
न फाडता, न कापता सोडवलेली,
चौकोनी घडी घातलेली.
कुणाला तरी तेवढा वेळ होता.

कॅमेरा घरी राहिला होता.
आणायला गेले नाही.
तिथंच थांबले थोडा वेळ,
दम लागलेला नसताना.