दम

कोर्मेच्या खडकांवर एकोणतीस वर्षं.
कंबरेला दोर, हातात लांब दांड्याचं पातं,
लाट मागे सरली की उतरायचं,
पर्सेबे खरवडायचे, कासवाच्या नखांसारखे, चिवट,
आणि पुढची लाट यायच्या आत वर.
अशा बाईला कुणी सांगावं,
बाई, जरा व्यायाम करत जा?

डॉक्टर म्हणाला, डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढायचा.
मी म्हटलं, उद्या?
म्हणाला, चार आठवड्यांनी. आधी तब्येत कमवा.
हे आत बिऱ्हाड करून बसलंय
आणि मी सायकल मारू?
तीही असली, जी कुठंच जात नाही.

(सिगारेटचं विचारू नका.
सोडली. तिच्यावर याहून जास्त ओळी खर्च करणार नाही.)

इरिया नावाची पोरगी, केस निळे,
आवाज मात्र शाळेतल्या बाईंचा.
तिनं हॉस्पिटलच्या लांब बोळात दोन शंकू मांडले,
सहा मिनिटं चाला म्हणाली, जमेल तेवढं.
तीनशे बारा मीटर.
म्हणजे आमच्या दारापासून फिदेलियाच्या बेकरीपर्यंत.
परत येणं त्यात धरलेलं नाही.
मी भिंतीला टेकले, म्हटलं,
तुमच्या फरशीलाच चढ आहे.

घरी स्वयंपाकघरातली खुर्ची.
हात छातीवर बांधून उठायचं, बसायचं.
इलादिओ हसला, कुणी शिक्षा केली ग?
रोज दोन अंडी, मसूर, बांगडा,
आणि ती प्लास्टिकची नळी, तीन चेंडूंची.
फुंकायचं नाही, ओढायचं.
पहिला चेंडू चटकन उठतो,
दुसरा कुरकुरत,
तिसरा जावयासारखा बसून राहतो.

शेजारच्या सायकलवर बासिलिओ,
नोटरीच्या कचेरीतला, आतड्याचा.
इस्त्रीचा शर्ट घालून घाम गाळणारा.
किलोमीटर मोजून गावं सांगायचा:
आज बेतान्सोस आलं. उद्या जोर लावला तर गितिरिस.
मी म्हणायचे, खिडकीतून तर पार्किंगच दिसतंय.
तो म्हणायचा, तुमच्या बाजूनं.

दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं दम खायचा.
पुन्हा जोर.
दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी बहुतेक,
पाय आपोआप उमगले:
अरे, ही तर लाट.
समुद्र ओसरतो तेवढ्यात सगळं उरकायचं,
येतो तेव्हा खडकाला छाती लावून राहायचं.
हे मला येतं.
इरियाला सांगितलं नाही. तिनं लिहून घेतलं असतं.

पण खडकावर दोराचं दुसरं टोक
इलादिओच्या मुठीत असायचं.
इथं कुणाच्या?

तिसऱ्या आठवड्यात बासिलिओची सायकल रिकामी.
कुणी बोललं नाही, मी विचारलं नाही.
गुरुवारी कळलं, ताप भरलाय, ऑपरेशन पुढं गेलं.
त्या दिवशी माझे झाल्यावर
मी त्याच्या वाटचे चार किलोमीटर चालवले.
असे धरत नाहीत, इरिया म्हणाली.
नसतील धरत.
गितिरिस आलं.

काल शेवटची चाचणी. तीनशे एक्क्याऐंशी.
बेकरी ओलांडून चर्चच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
तिसरा चेंडू उठला, थरथरला, पडला.
पण उठला.

रात्री पिशवी भरली. चप्पल, चष्मा, ती नळी.
झोप येईना म्हणून खाली आले
तर अंधारात इलादिओ त्या खुर्चीवरून
हात बांधून उठत होता, बसत होता,
गुडघे वाजत होते,
पुटपुटत होता, सात... आठ...
मी जिन्यातच थांबले.
नववा फार वेळ लागला.

मग मी दिवा लावला, म्हटलं,
ही खुर्ची जागची हलवू नकोस.
आल्यावर इथूनच मोजायचंय.
तो म्हणाला, धरून ठेवतो.