पाटीधुणं

बुद्दाहची पाटी मी धुवायचे.
लाकडी, खांद्याशी चिरलेली, तारेने शिवलेली.
तो पाठ म्हणून दाखवायचा, लमराबत मान हलवायचे,
आणि पाटी माझ्याकडे यायची
उद्याच्या आयतींसाठी कोरी व्हायला.

शाई आम्ही घरीच करायचो:
चुलीतला कोळसा, बाभळीचा डिंक.
धुतलेलं पाणी वाटेवर सांडायचं नाही,
त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये.
मी ते त्याच बाभळीच्या बुंध्याशी ओतायचे.
जिचं होतं, तिला.
कधी, कुणी बघत नसताना, एक घोट स्वतः.
धुराची चव, आणि थोडी लाकडाची.

पहाटे, उंट उठायच्या आधी,
शेकोटीभोवती वीस पोरं वीस ठिकाणांहून म्हणायची,
एकाच विहिरीत वीस दोर सोडावेत तशी.
मी बाजरी कांडत असायचे.
मुसळ वर जाताना अर्धी आयत, खाली येताना अर्धी.
मला कुणी शिकवलं नाही.
थांबवलंही नाही.

लमराबत सांगायचे, त्या दिवशी
पाठ असणाऱ्यापुढे एक जिना असेल,
एकेका आयतीला एकेक पायरी,
आठवेल तिथवर चढायचं.
आणि त्याच्या आईबापांच्या माथी असा मुकुट
की उन्हानेही मान खाली घालावी.
आई गुडघे चोळत हसायची:
"सहा हजारांवर पायऱ्या!
माझा मुकुट खालीच आणून द्या रे."

बुद्दाहचं पूर्ण झालं तेव्हा दोन मेंढे कापले.
माझं कधी झालं, नीट सांगता येत नाही.
बहुधा एका मंगळवारी. शेळी हरवली होती,
तिच्या मागावर वाळूतून म्हणत म्हणत गेले,
शेवटच्या सूरहपाशी आले
आणि मागे वळून पाहिलं तर
न आलेलं असं काहीच उरलं नव्हतं.
शेळीही सापडली.

मग तो नुआधिबूला गेला, समुद्राकडे,
मासळीचा ट्रक चालवायला.
अकरा वर्षं. पैसे यायचे, कधी साखर.
पाठांतर उंटासारखं असतं;
दावं रोज तपासलं नाही
तर सकाळी नुसती खुंटी.

आई गेली त्या रात्री तो पोचला,
अंगाला डिझेलचा वास.
तंबूत पुरुष बसले, कंदील बसला,
आणि त्याने सूरह यूसुफ धरली, तिला आवडायची म्हणून.
आवाज तोच. विहीर तीच.
पण जिथे बापाचे डोळे दुःखाने पांढरे होतात
तिथे तो थांबला.
पुन्हा मागून आला. पुन्हा थांबला.
कुणी खोकलं. लमराबत नव्हते, त्यांनाही तीन वर्षं झाली.

पडद्याआडून मी पुढचा शब्द दिला.

त्याने घेतला. पुढे गेला. परत अडला.
मी परत दिला.
तिसऱ्यांदा त्याने वाट पाहिली नुसती,
आणि मी देत राहिले, शेवटपर्यंत.
बाहेर उंट रवंथ करत होते.

माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता:
तो मुकुट आता कुणाच्या खात्यावरचा?
मेंढे त्याच्या नावाने कापले होते.
माझ्या नावाने कुणी कोंबडंही नाही.
मग म्हटलं, आईला काय त्याचं,
तिला जड होऊ नये म्हणजे झालं.

सकाळी बुद्दाह काही बोलला नाही.
पेटीतून पाटी काढली, तारेने शिवलेली तीच,
माझ्यापुढे धरली, आणि बोरू.
"कुठून?" मी विचारलं.
"पांढऱ्या डोळ्यांपासून," तो म्हणाला.
मी लिहून दिलं.
तो दुपारभर सावलीत डुलत बसला, चाळिशीतला पोर,
संध्याकाळी पाठ म्हणून दाखवला. दोन चुका.

मग स्वतःच पाणी आणलं, पाटी धुतली,
आणि कुठे ओतायचं ते न विचारता
बाभळीकडे चालू लागला.
वाटेत थांबून
इकडेतिकडे पाहिल्यासारखं वाटलं मला.
मी पाठ फिरवली.