एकशे चौदा, यू

धुळ्यात पारोळा रोडला, टायरवाल्याच्या मागे
आमचं दुकान. पाटी नाही.
ज्याची गाडी तापते त्याला कुणीतरी सांगतंच,
उखर्डू मिस्तरीकडे जा.

मे महिना. पत्र्याखाली सेहेचाळीस.
भट्टी पेटलेली काय नि विझलेली काय.
टेम्पोतून रेडिएटर उतरला गोणपाटात गुंडाळलेला,
छप्पन सालच्या लँडमास्टरचा.
मागून पुण्याचे कारखानीस, पांढरे बूट.
चोपड्याच्या एका जिनवाल्याच्या गोठ्यातून
त्यांनी ही गाडी सोडवली.
मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती म्हणे.
आता ती प्रदर्शनात उभी राहणार.
"सगळं अस्सल झालंय," ते म्हणाले,
"राहिलाय फक्त बिल्ला."
आणि रुमालातून काढली बोटभर पितळी पट्टी,
कंपनीचं नाव, नंबर,
मागच्या महिन्यात घडवलेली,
जुनी दिसावी म्हणून ॲसिडात काळवंडवलेली.

आबांनी ती उन्हात धरली, उलटी केली,
काही बोलले नाहीत.

बिल्ला लावणं सोपं वाटतं.
रिव्हेट मारावा, तर टाकीला भोक.
डाग द्यावा, तर आच जरा वाढली की
शेजारचा सांधाच पाझरायला लागतो,
एक नाव चिकटवताना सगळा देह सुटतो.
म्हणून भोवती ओली चिंधी,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तशी.
नवसागराची चिमूट, डोळ्यांत धूर,
कथील गव्हाच्या दाण्याएवढं,
दोनच टोकांना.
हे मला आबांनी शिकवलं, आणि आता
त्यांची नजर गेल्यापासून हात माझेच चालतात.

खालच्या टाकीचा डांबरी रंग खरवडत होते.
पात्याला काहीतरी अडलं.
पेराएवढा पत्रा.
एकशे चौदा. पुढे यू.
चारचा पाय वाकडा.

तो मी मारलेला.
नऊ वर्षांची असेन, हातोडी दोन्ही हातांनी धरून.
ठशांच्या पेटीत मराठी अक्षरं नव्हती,
उखर्डूतला एवढा 'यू'च काय तो मावला.
तेव्हा आबा हरेक कामावर असा पत्रा डकवायचे:
गळलं तर घेऊन या, पैसे नाही.

मी त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं.
बोट चारच्या पायाशी थांबलं.
"हाऊ ते आपलाच शे!"

कारखानीस वाकले. "हे काढून टाका.
अस्सल नाहीये."

तीन भावंडं गेल्यावर हा चौथा.
दाईनं उकिरड्यावर लोळवला, तेच नाव ठेवलं,
ऐकून मरणानं नाक मुरडावं म्हणून.
अडुसष्ट वर्षं तो बिल्ला टिकलाय.
पण हे कारखानीसांना कोण सांगणार,
आणि कशाला.

मी आच दिली. पत्रा अलगद सुटला.
त्याखाली पितळ लखलखीत, चौकोनी,
तीस वर्षं ऊन न लागलेलं.
मग वरच्या टाकीवर त्यांची पट्टी,
ओली चिंधी, दोन टोकं, फुंकर.
हौदात बुडवून हवा भरली.
तिघेही पाण्याकडे बघत राहिलो.
एकही बुडबुडा नाही.
तीस वर्षांपूर्वीचे सांधे तसेच, मुके.
कारखानीस पट्टीचा फोटो काढत होते.

टेम्पो गेल्यावर आबा म्हणाले, वही काढ.
लाल पुठ्ठ्याची, वाळवीनं कडा खाल्लेली.
एकशे चौदा: चोपडा, जिनवाले, लँडमास्टर.
जमा साठ. बाकी वीस.
"लिख," आबा म्हणाले, "परत उना."

मी लिहिलं.
पत्रा ठशांच्या पेटीत टाकला, अजून गरम होता.
बाकी वीसवर मात्र
रेघ मारली नाही.