हवेचं कनेक्शन

सियागंजातून पाइप आणले, रिक्षाच्या टपाला बांधून.
गल्लीच्या तोंडाशी कुणी विचारलं, "भिया, नर्मदा का कनेक्शन?"
नाही, म्हटलं, हवेचं.

मागच्या खोलीत भिंतीभर ओढली लाइन,
कॉम्प्रेसरपासून दूर जाताना बोटभर उतरती,
कारण हवेतही पाणी असतंच, दाबलं की सुटतं.
प्रत्येक फाटा वरच्या अंगाने काढला, मग खाली वळवला;
शेवटी थेंबांसाठी वीतभर आंधळा पाइप, त्याला कॉक.

रात्री काटा आठवर ठेवून झोपलो.
सकाळी तीन.

कुठेतरी सुस्कारा सुटतोय. पण कुठे?
बारीक आवाज मिलच्या साच्यांनी माझ्याकडून
केव्हाच कापून घेतले, पगारातून कापावेत तसे.

नलू भांडी सोडून आली. डोळे मिटून
भिंतीला कान लावत सरकली,
दाराजवळच्या एल्बोपाशी थांबली.
हाताला होता तोच साबणाचा फेस तिथे फासला:
एक बुडबुडा फुगला, बोराएवढा, लिंबाएवढा.

हवा सोडली. आट्यांवर नवी टेप. आवळलं. पुन्हा भरली.
"गेला?" मी विचारलं.
तिने ओला हात वर केला, मला गप्प करत.
"थांबा. अजून एक आहे."