कार्य

मधली वर्षं कुठं होतात, क्लार्क म्हणाला,
ते बाँडवर लिहून आणा. गॅप सर्टिफिकेट लागतं.
तहसीलसमोर लिंबाखाली टायपिंगवाल्यानं विचारलं,
कारण काय टाकू?
मी म्हणाले, कुठल्या गॅपचं?
दर वर्षी एक असायची.

दिवाळी झाली की गाडी भरायची:
शेळी, पीठ, पत्र्याची पेटी, मी.
आईबाप मिळून एक कोयता,
पोरांसाठी मुकादमाच्या वहीत रकाना नव्हता.
पाडव्याला परतलं की वर्ग
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर.
म्हणून मला गती येते, बल येतं,
प्रकाश येत नाही.
भिंग दुसऱ्या सत्रात होतं.
वीजही.

आठवीच्या हंगामाआधी माझं कार्य उरकलं.
आमच्याकडं कार्य म्हणजे लग्न.
दहावी काढली सतरा नंबरचा फॉर्म भरून,
थोरली पाचवीत होती तेव्हा,
तिसऱ्या खेपेला, गणितात पस्तीस.
टायपिंगवाल्यानं ‘घरगुती अडचण’ टाकलं
आणि पन्नास रुपये घेतले.

आता धारूरला, अकरावी सायन्स, शेवटचा बाक.
पोरं मावशी म्हणतात, ग्राफपेपर मागून नेतात.
पुस्तक इंग्रजीत, होळंबे सर मराठीत,
मधल्या फटीत मी वही घालून बसते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी
खिडकीखालून ट्रॅक्टर घाटाकडं उतरत होते
चुलीसकट, लेकरांसकट,
आणि सर म्हणाले, वर्क म्हणजे कार्य, नुसतं काम नव्हे.
समजा, डोक्यावर ओझं घेऊन
एक माणूस सपाट रस्त्यानं चाललाय.
बल वर, विस्थापन आडवं,
कॉस नव्वद शून्य.
कार्य शून्य.
त्यांनी फळ्यावर शून्य काढलं, मोठं, नीट,
चुंबळीएवढं.

बाकीच्यांनी उतरवून घेतलं.
माझा पेन तिथंच थांबला.
तास सुटल्यावर विचारलं,
सर, फडातून गाडीपर्यंत, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत,
तरी शून्य?
डस्टर झटकता झटकता ते थांबले.
म्हणाले, गाडीत चढायला फळी असते ना?
असते.
मग तेवढं धरा. उंची धरा.

रात्री भाकरी झाल्यावर ओट्यावरच गणित मांडलं.
मोळी चाळीस किलो, उंची तीन मीटर,
जी नऊ पूर्णांक आठ.
अकराशे शहात्तर ज्यूल.
मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

सरांनी वही बघितली, बरोबरची खूण केली नाही.
समासात लाल शाईनं एवढंच:
वाहणारीचं वजन?

आईला फोन लावला.
गुडघे गेल्यापासून ती गावीच असते,
शेजारणीची नातवंडं सांभाळते.
विचारलं, तेव्हा तुझं वजन किती होतं गं?
माझं? ती हसली, मग खोकली.
माझं वजन कुणी केलंय, बया?
काट्यावर गाडी जायची.
भरलेली एकदा, रिकामी एकदा.
आणि मग, जेवलीस का?

समजा पंचेचाळीस, मी लिहिलं.
अंदाजानं. तिचं पातळ, चुंबळ, पोटातला माझा भाऊ
सगळं धरून.
पंच्याऐंशी गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले तीन.
दोन हजार चारशे नव्याण्णव.
अडीच हजाराला एक कमी, एका मोळीला,
आणि मोळ्या कुणी मोजल्या नाहीत.

वही मिटली, परत उघडली.
फळीवरून ती खाली यायची तेव्हा
डोकं रिकामं, हात रिकामे,
फक्त पंचेचाळीस किलो, तीन मीटर.
त्याला चिन्ह कोणतं लावायचं,
अधिक की उणे,
ते उद्या विचारते.