एका क्रियापदाचे तीन दिवस

उलानबातरबाहेरच्या सरकारी आरोग्यधामात,
बाहेर उणे एकतीस,
तीन दिवस आम्ही एका क्रियापदापाशी अडून होतो.
गोठवणे.
मसुद्याच्या चौथ्या परिच्छेदात ते कंसात बसलेलं,
शेजारी 'थांबवणे', त्याच्या शेजारी 'मोडून टाकणे',
एका खुर्चीवर तीन पाहुणे.

मला सोलहून आणलं होतं ते जिभेसाठी.
बाकीची मी रोज खोलीतच ठेवून यायची.

हाउगन साहेब गोठवणे म्हणत
तेव्हा त्यांना बँकेतली खाती दिसत,
एका सहीनं थिजलेले आकडे,
दुसऱ्या सहीनं पुन्हा वाहते.
चहा आणणाऱ्या ओयुनला बहुधा दिसत असतील
त्या एका हिवाळ्यात उभ्या-उभ्या मेलेली
तिच्या भावाची एकशे चाळीस मेंढरं.
तिला कोणी विचारलं नाही. ती कप मांडून गेली.
मीठ घातलेला दुधाळ चहा.

समोर उपमंत्री माएंग.
चहाचा घोट की मिठाची गुळणी, कळेना.
अकरा मिनिटं.
मग : "आमची भूमिका कळवलेली आहे."
ते वाक्य मी इंग्रजीत नेलं,
रिकामी बादली भरलेल्यासारखी जपत.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
मूठ सगळ्यांनाच दिसत होती.
सव्वा लाखावर शून्यं किती, यावर तर
उपग्रहांची आणि भूकंपमापकांची पोटं चालतात.
उघडायची तर बदल्यात काय?
इतके टन तांदूळ, इतकं खत, आणि एक वाक्य :
आम्ही हल्ला करणार नाही.
त्या वाक्याचा काळ कोणता, यात दुसरी दुपार गेली,
आणि दमून माझ्या तोंडून
सरकारी शब्दाऐवजी घरचा शब्द निसटला.
माएंगनी मान वर केली.

माझा बाप किल्जूचा.
नऊ वर्षांचा, बोटीच्या तळाशी बसून दक्षिणेला आला.
ज्या डोंगराच्या पोटात आता बोगदे आहेत
त्याच्या पाइनखाली तो भूछत्रं वेचायचा.
आणि त्याच्या तोंडी गोठवणे म्हणजे बटाटे :
काढणीत निसटलेले, हिवाळाभर मातीत राहिलेले,
बर्फ सुटला की उकरायचे, सोलायचे,
वाळवून कुटायचे, काळ्या चिवट वड्या वाफवायच्या.
"गोठलेलं वाया जात नाही," तो म्हणतो.
"काळं पडतं. पण टिकतं."

हे मी कुठल्या परिच्छेदात घालणार होते?

तिसऱ्या रात्री जिन्यापाशी माएंग एकटेच,
बूट काढून, ओले मोजे रेडिएटरवर टाकून.
मी वाट बदलत होते.
"तो शब्द कुणाकडून शिकलीस?
सोलच्या पोरी तसं म्हणत नाहीत."
हेल थेट माझ्या बापाचा.
"किल्जू," मी म्हटलं.
त्यांनी मोजे उलटे केले.
पुष्कळ वेळानं : "तिकडचे बटाटे लहान असतात."

मला विचारायचं होतं भूछत्रांचं, विहिरींचं,
डोंगर हलतो तेव्हा फळीवरच्या ताटल्यांचं.
वर कोणीतरी खोकलं.
त्यांनी अनवाणीच बूट घातले.

सकाळी निवेदन निघालं, साडेचार ओळी.
मोकळी आणि उपयुक्त चर्चा. पुन्हा भेटण्याची तयारी.
क्रियापद गेलं, त्याच्या जागी 'संबंधित बाबी'.
घोंगडं भिजत ठेवायलाही पाणी लागतं,
इथे सगळा बर्फ.

पुढच्या फेरीला माएंग नव्हते.
त्यांच्या खुर्चीत कोऱ्या चष्म्याचा एक तरुण.
पहिल्याच तासाला तो म्हणाला, गोठवणे,
राजधानीच्या धुतलेल्या उच्चारात,
आणि टेबलाभर पेनं उघडली.
मी एक श्वास उशिरा बोलले.
ध्वनिमुद्रणात तो ऐकू येतो.

त्या रात्री बापाला फोन केला.
काय खाल्लंस, त्यानं विचारलं.
मटण.
आणि ते लोक?
तेही मटणच.
"बरं," तो म्हणाला,
आणि फोन तसाच धरून राहिला.